लेणे आणि त्याचे नाव : मराठी अलंकारांची घडण व ग्राहकाची आवड

गोदावरीकाठचे पुणतांबा हे गाव (तालुका राहाता, जिल्हा अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) चांगदेवांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर पाठविले, अशी परंपरा आहे. त्या ‘चांगदेव पासष्टी’च्या आरंभीच्या भागात सोने आणि लेणे यांचा दृष्टांत आला आहे. अलंकाराचे रूप घेतल्याने सुवर्णाचे सुवर्णत्व घटत नाही, त्याचप्रमाणे परतत्त्वही स्वतः न खर्चता जगद्रूपाने नटते, असा त्याचा आशय. या दृष्टांताचे मूळ पुष्कळ जुने आहे. छांदोग्योपनिषदाच्या सहाव्या अध्यायात मृत्तिका, धातूचा गोळा आणि नखे कापण्याचे हत्यार अशी तीन उदाहरणे देऊन असे प्रतिपादिले आहे की, द्रव्य तेवढे सत्य आणि विकार म्हणजे वाणीने दिलेले केवळ नाव.

तत्त्ववेत्त्याने ‘केवळ नाव’ म्हणून जे बाजूस सारले, त्याच्यावरच सोनाराचा संसार चालतो. सोन्याचा भाव सोनार ठरवीत नाही. बाजारात जो भाव असेल तोच त्याच्याकडील सोन्याला आणि शेजारच्या दुकानातील सोन्याला. त्याच्या हातून जे निर्माण होते ते रूप आणि त्या रूपाला समाजात मिळालेले नाव. म्हणून हातघडणीचा दागिना ग्राहकाला का आवडतो, या प्रश्नाचा विचार करताना दागिन्यांच्या नावांची साक्ष काढणे उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखात ती साक्ष तपासली आहे. मराठी अलंकारनामे म्हणजे घडणीमागील विचाराची नोंदवहीच होय, आणि ही नोंदवही वाचता आली तर नव्या घडणीचे काही नियम तीतून मिळू शकतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. घडणावळ आणि मोड

व्यवहाराची भाषा प्रथम पाहू. दागिना करविताना ग्राहक तीन गोष्टींचा हिशेब करतो : सोन्याचे वजन, काम करताना होणारी घट आणि घडणावळ. पुढे गरज पडून दागिना ‘मोडला’, तर त्यांपैकी पहिलीच गोष्ट हाती येते. घट आणि घडणावळ कायमची गेलेली असते. शिवाय दागिना लाखेने भरलेला असेल, तर लाखेचे वजन वजा होते. म्हणजे ज्ञानदेवांच्या दृष्टांतात सोन्यास काही उणे येत नसले, तरी ग्राहकाच्या गाठीस उणे येतेच.

शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने हा हिशेब गंभीर आहे. शेतमालाच्या भावासाठी १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाची हाक पुणतांब्यातूनच निघाली होती. ज्या मुलखात घराची आवक पिकाच्या भावाबरोबर वरखाली होते, तेथे अंगावरील सोने ही शोभा असते तशीच अडीअडचणीची शिदोरीही असते. अशा घरातील स्त्री दागिना निवडते तेव्हा तिच्या मनात दोन प्रश्न एकाच वेळी असतात : हा शोभेल का, आणि वेळ आलीच तर याचे किती येतील? घडणावळीच्या रूपाने जे जाणार, त्याच्या मोबदल्यात रूप आणि नाव यांच्या द्वारे तितकेच किंवा अधिक मिळाले असे तिला वाटले पाहिजे. हातकारागिराच्या कलेची कसोटी हीच.

भाषेने ही दुहेरी दृष्टी नेमकी टिपली आहे. दागिना ‘घडतो’ आणि ‘मोडतो’. पण बांगडी किंवा मंगळसूत्र मात्र फुटले, तुटले असे न म्हणता ‘वाढले’ असे म्हणतात. एकाच घरात पाटल्या मोडायला नेतात आणि बांगडी वाढवितात. पहिल्या क्रियापदात वस्तूकडे द्रव्य म्हणून पाहिले आहे, दुसऱ्यात चिन्ह म्हणून. प्योत्र बोगातिरेव यांनी १९३७ मध्ये मोराव्हियातील स्लोव्हाक लोकांच्या पोशाखाचा अभ्यास करताना दाखवून दिले की, पोशाख एकाच वेळी वस्तू आणि चिन्ह असतो व त्याची अनेक कार्ये परस्परांत गुंतलेली असतात. मराठी क्रियापदांचा हा भेद त्या सिद्धांताचे बोलके उदाहरण आहे.

२. नावांचे चार वर्ग

मराठी अलंकारनामांची स्थूलमानाने चार वर्गांत विभागणी करता येते.

पहिला वर्ग सादृश्याचा. बोरमाळेचा मणी बोरासारखा. जव्यांचा घाट जवाच्या दाण्यासारखा. जोंधळी पोतीचे मणी जोंधळ्याएवढे. पायाच्या बोटातील मासोळी माशासारखी. चाफेकळी, चिंचपेटी, कर्णफूल ही नावेही झाडाझुडपांतूनच आलेली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, उपमाने बहुधा शेतातील, परसातील आणि स्वयंपाकघरातील आहेत. ज्या वस्तूचा आकार ग्राहकाच्या बोटांना रोजचा परिचित, तोच आकार सोन्यात उतरला की तो ओळखू येतो, आणि ओळख पटणे ही आवडीची पहिली पायरी होय.

दुसरा वर्ग स्थानाचा. गळसरी, कंठी, बाजूबंद, कमरपट्टा, अंगठी या नावांत शरीराचा भाग सांगितला आहे. त्यांत ‘गळा’ आणि ‘सर’ हे देशीय वळणाचे, ‘बाजूबंद’ फारसीतून आलेला, तर ‘अंगठी’ अंगुष्ठाच्या कुळातील. ‘बुगडी’ हा कानाच्या वरच्या पाळीतील दागिना. या शब्दाचे सगोत्र कानडी व तेलुगूत आहेत. यावरून मराठी स्त्रीच्या अंगावरील अलंकार म्हणजे तिच्या भाषेच्या संपर्कांचा नकाशाच, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

तिसरा वर्ग द्रव्य व रचना यांचा. गोफ हा गुंफलेला, साखळी कड्यांची, जोडवी जोडीने घालावयाची, डोरले दोऱ्यात ओवलेले. पुतळीहार या नावाचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२८४ पासून पाडलेले सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाचे डुकात हे सोन्याचे नाणे व्यापाराबरोबर भारतात आले. त्याच्या एका बाजूस संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख अशा दोन आकृती असत. त्या मराठी नजरेला ‘पुतळ्या’ दिसल्या आणि नाण्याचे नाव पुतळी पडले. १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक लयास गेले; पण पुतळी राहिली. सोनारांनी पातळ पत्र्यावर ठसा उठवून तिच्या प्रतिकृती केल्या आणि नाण्याच्या शुद्धतेविषयीचा विश्वास त्या रूपाच्या आश्रयाने दागिन्यात उतरला.

चौथा वर्ग प्रदेश, घराणे व व्यक्ती यांचा : कोल्हापुरी साज, शिंदेशाही तोडे, कारवारी नथ. हा वर्ग आजही वाढता आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘जय मल्हार’ या दूरचित्रवाणी मालिकेतील बानू या पात्राच्या नाकातील नथ ‘बानू नथ’ या नावाने बाजारात रूढ झाली. रोलाँ बार्त यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात फॅशनविषयक नियतकालिकांतील वस्त्रांचा नव्हे, तर वस्त्रांच्या वर्णनांचा अभ्यास केला. कारण लोकांना भुरळ घालणारी वस्तू पुष्कळदा शब्दाने घडविलेली असते, असे त्यांस दिसले. बानू नथ हा त्याचा गावोगावी आढळणारा पुरावा होय.

नथीचे उदाहरण आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. परशुराम कृष्ण गोडे यांनी जुन्या संस्कृत वाङ्मयाचा धांडोळा घेऊन दाखविले की, इसवी सनाच्या सुमारे एक हजार वर्षांपर्यंत नाकातील अलंकाराचा उल्लेख त्यात आढळत नाही. म्हणजे आज जो दागिना मराठी वेषाचे परंपरागत लक्षण मानला जातो, तोही एके काळी नवाच होता. परंपरा आणि नावीन्य यांत मूलतः विरोध नाही. नव्याला जुन्यांच्या पंक्तीत बसता आले, की काही पिढ्यांत ते परंपरा होते.

३. कमी सोन्यात मोठे रूप

नावे आकार सांगतात. परंतु तो आकार परवडेल कसा, हे सोनाराच्या हातावर अवलंबून असते. बोरमाळेचाच हिशेब करून पाहावा. आठ मिलिमीटर व्यासाचा बावीस कॅरट सोन्याचा भरीव मणी सुमारे पावणेपाच ग्रॅम भरेल. असे चाळीस मणी घेतले तर माळ १९० ग्रॅमांची, म्हणजे सोळा तोळ्यांहून अधिक वजनाची होईल. तोच मणी मिलिमीटरच्या दशांश जाडीच्या पत्र्याचा केला, तर त्याला सुमारे ०.३५ ग्रॅम सोने पुरते, आणि चाळीस मण्यांची माळ चौदा ग्रॅमांत, म्हणजे सव्वा तोळ्याच्या आतबाहेर होते. पाहणाऱ्याच्या डोळ्याला दोहोंत फरक दिसत नाही. मात्र पोकळ मणी सहज चेपतो, म्हणून त्यात लाख भरावयाची. लाख स्वस्त, हलकी आणि पत्र्याला आतून आधार देणारी असते.

यात फसवणूक नाही, कारण तंत्र उघड आहे आणि जाणत्या ग्राहकाला ते माहीत असते. परंतु ‘लाखेसह वजन’ आणि ‘निव्वळ सोन्याचे वजन’ यांतील भेद पावतीवर स्पष्ट लिहिलेला नसेल, तर मोडीच्या वेळी वाद उद्भवतो आणि एका दागिन्यापायी अख्खे घर त्या सोनाराला तुटते. विश्वास हाही घडणीचाच एक भाग आहे. पूर्वी सोनाराकडे गावाची पोतदारी असे, नाणी पारखून देण्याचे काम त्याच्याकडे असे. तेव्हा कसोटीचा दगड आणि सोनाराचा शब्द हेच प्रमाण होते. आज ते काम हॉलमार्क करतो. १६ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत तो टप्प्याटप्प्याने बंधनकारक करण्यास आरंभ झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांकांचा स्वतंत्र ओळखक्रमांक असलेलाच हॉलमार्कित दागिना विकता येतो.

दुसरी युक्ती मणी लहान करून त्यांची दाटी करण्याची. ठुशीत बारीक मणी एकमेकांना खेटून गुंफलेले असतात. प्रत्येक मणी क्षुल्लक; परंतु समूहाने गळ्याशी भरगच्च पट्टा दिसतो, आणि मण्यामण्यावर उजेड वेगळा पडत असल्यामुळे लहानशा हालचालीनेही तो चमकतो. तिसरी युक्ती रिकाम्या जागेची. कोल्हापुरी साजात सुटी पाने आणि मणी आलटून पालटून ओवलेले असतात. पानांमधील अंतर डोळाच भरून काढतो, त्याला सोने लागत नाही.

४. ओवणे : दागिन्याची वाक्यरचना

वर आलेल्या बहुतेक दागिन्यांत एक समान सूत्र आहे : स्वतंत्र घटक आणि त्यांना जोडणारा धागा. हे सूत्र या प्रदेशात अतिप्राचीन आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे डेक्कन कॉलेजतर्फे १९५४ पासून झालेल्या उत्खननांत ताम्रपाषाण काळातील एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. धातूच्या गंजामुळे टिकून राहिलेल्या तिच्या धाग्याची तपासणी होऊन त्यात रेशीम व कापूस असल्याचे १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. मणी बदलले, धातू बदलला. ओवणे मात्र राहिले.

भाषाभ्यासकाला येथे वाक्यरचनेची आठवण होणे साहजिक आहे. सोस्यूर यांच्या विवेचनातील दोन अक्ष या ठिकाणी स्पष्ट दिसतात. एका अक्षावर घटकांची निवड : मणी बोराचा की जोंधळ्याचा, पदक कोयरीचे की चंद्राचे. दुसऱ्या अक्षावर घटकांची मांडणी : कोणाच्या शेजारी कोण, मध्ये काय, टोकाला काय. कोल्हापुरी साजात परंपरेने एकवीस पाने सांगितली जातात. त्यांपैकी दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक व पाचू यांची आणि एक डोरल्याचे, असा अर्थ लावतात. आज दहा-बारा पानांचे साज सर्रास होतात, आणि तरीही तो साजच राहतो. शब्द गाळले तरी वाक्याचा सांगाडा कायम असला की वाक्य कळते, तसेच हे आहे.

गळ्यातील अलंकारांच्या उतरंडीतही हाच नियम दिसतो. ठुशी, चिंचपेटी, वज्रटीक हे गळ्यालगत, बोरमाळ त्याखाली, मोहनमाळ, पुतळीहार, चंद्रहार छातीवर. प्रत्येकाची जागा ठरलेली असल्यामुळे एक दागिना दुसऱ्याला झाकत नाही आणि स्त्रीला वर्षानुवर्षे एकेक करून संच पुरा करता येतो. नवा घाट काढणाऱ्या कारागिराने प्रथम विचारावयाचा प्रश्न हा की, या उतरंडीत आपला दागिना कोणत्या पायरीवर बसेल? ज्याला जागा नाही तो कितीही सुंदर असला तरी पेटीत पडून राहतो.

धाग्याच्या रचनेचा व्यावहारिक लाभही मोठा आहे. सोनार घटक घडवितो आणि पटवेकरी ते रेशमात गाठवितो. धागा झिजला तर दागिना न मोडता पुन्हा गाठविता येतो. दोन मणी वाढवून लेकीच्या गळ्याला बसविता येतो. आज पाच पुतळ्या आणि दोन वर्षांनी आणखी पाच असे करता येते. ज्याचे उत्पन्न हंगामावर अवलंबून आहे, अशा ग्राहकाला ही वाढती रचना सोयीची वाटते. एकसंध ओतलेल्या दागिन्याला ही लवचीकता नसते.

५. नावाची मर्यादा

येथवर रूप आणि नाव यांची थोरवी सांगितली. तथापि ते सर्वसमर्थ आहेत असे समजणे चूक होईल. याचा धडा १९६३ ने दिला. त्या वर्षीच्या जानेवारीत लागू झालेल्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास मनाई केली. घाट तेच होते, नावे तीच होती. परंतु ग्राहकाने चौदा कॅरटचे दागिने मनापासून स्वीकारले नाहीत, आणि असंख्य सोनारांच्या शेगड्या विझल्या. १९६६ मध्ये ही अट शिथिल करावी लागली. पुढे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदाही १९९० मध्ये रद्द झाला. द्रव्यावरील विश्वास उडाला की नाव पोकळ होते, हा यातील बोध.

याच्या उलट टोकाचे उदाहरण चांदी, पितळ, काच आणि कृत्रिम मोती यांच्या हातघडणीचे. हातकणंगले तालुक्यातील हुपरी येथील चांदीकामाला जे महत्त्व आले ते चांदीच्या मोलापेक्षा कामाच्या कसबामुळे. पितळी किंवा मण्यांच्या दागिन्यात तर मोड म्हणून काही येतच नाही; जी किंमत ती सर्व घडणीची. अशा वेळी ग्राहक द्रव्याऐवजी तीन गोष्टी पारखतो : घाट ओळखीचा आहे का, काम स्वच्छ आहे का, आणि आपल्या जवळच्या साडीवर, आपल्या सणावर तो शोभेल का. उपनिषदाने ज्याला नाममात्र म्हटले, त्याचाच हा निर्भेळ व्यापार होय.

६. निष्कर्ष

वरील विवेचनातून नव्या घडणीसाठी काही सूत्रे हाती येतात. पहिले, नव्या दागिन्यात एक घटक बदलावा आणि बाकीचे ओळखीचे ठेवावेत. सगळेच बदलले तर ग्राहकाला तो वाचता येत नाही, काहीच बदलले नाही तर घ्यावासा वाटत नाही. दुसरे, सोने वाचवावयाचे ते मण्याच्या पोटात. फासा, कड्या आणि डाखाच्या जागा येथे काटकसर करू नये, कारण दागिना तुटतो तो तेथेच. तिसरे, दागिन्याला अंगाची आणि संचाची निश्चित जागा असावी. चौथे, तो दुरुस्त होण्याजोगा, वाढविण्याजोगा असावा. पाचवे, नाव असे द्यावे की ऐकताच आकार डोळ्यांसमोर यावा. बोर, जव, मासोळी यांनी ते काम शतकानुशतके केले आहे.

यंत्राने ओतलेला आणि ठशाने छापलेला माल आज हातघडणीचीच नावे धारण करून विकला जातो. ठुशी म्हणून जे मिळते त्यात पुष्कळदा गुंफण नसते, गुंफणीचे चित्र असते. नाव टिकले आणि त्यामागची कृती गेली, तर काही काळाने ग्राहकाला घडणावळ कशाची द्यावयाची हेच कळेनासे होईल; आणि ज्याची घडणावळ कळत नाही त्या कारागिराला काम मिळत नाही. म्हणून अलंकारनामांचा कोश करणाऱ्याने नावापुढे चित्र देऊन थांबू नये. घटक कोणते, ते कसे ओवतात, सोनार आणि पटवेकरी त्या त्या कृतीला कोणते क्रियापद वापरतात, मोडताना काय वजा करतात, हे सर्व नोंदविले पाहिजे. पुणतांब्यासारख्या गावांत आणि त्यांच्या आसपासच्या बाजारपेठांत जुन्या घाटाचे काम जाणणारी वृद्ध मंडळी हयात आहेत तोवरच हे संकलन शक्य आहे. पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी याकडे वळावे. एकेका तालुक्याची अशी शब्दसूची सिद्ध झाली तर ती कोशकाराला उपयोगी पडेलच, शिवाय आपल्या कामाचे मोल ग्राहकाला समजावून सांगू पाहणाऱ्या कारागिराच्याही हाती ती एक साधन देईल.